घरातलं आजारपण आणि हातातला मोबाईल

तुमच्या घरात कुणी ना कुणी रोज गोळी घेत असेल. बीपीची, शुगरची, थायरॉईडची. घरात एखादा मोबाईलही असेलच. आजारपण आणि मोबाईल आता एकमेकांत पुरते गुंतले आहेत. दवाखान्याचा नंबर मोबाईलवर लागतो. रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. औषधं घरपोच येतात. आणि फसवणारा माणूसही त्याच मोबाईलवरून घरात शिरतो.

मला मुख्य गोष्ट एकच सांगायची आहे. मोबाईलवरची माहिती डॉक्टरांपर्यंत पोचवायला वापरली, तर तिचा फार उपयोग होतो. डॉक्टरांच्या जागी वापरली, तर घात होतो. पुढे जे काही सांगतो आहे, ते एवढं मनात धरून वाचा.

आधी कागदांचं बघू.

घरातल्या प्रत्येक माणसाची एक वेगळी फाईल करा. साधी, प्लॅस्टिकच्या पाकिटांची. सगळ्यांत वर डिस्चार्ज कार्ड, मग डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मग तपासण्या. नवा कागद वर, जुना खाली.

तुम्ही म्हणाल, सगळं मोबाईलवर असताना कागद कशाला? मोबाईल हरवतो. पाण्यात पडतो. मुलगा नवा मोबाईल घेऊन देतो आणि जुन्यातले फोटो तिथेच राहतात. लॅबने पाठवलेली लिंक काही महिन्यांनी उघडतच नाही. म्हणून लिंक आली की त्याच दिवशी रिपोर्ट मोबाईलमध्ये उतरवून घ्या. त्याला ओळखू येईल असं नाव द्या: आई, रक्त, महिना, वर्ष. आणि एक प्रत छापून फाईलला लावा.

ईसीजीच्या कागदाची विशेष काळजी घ्या. तो बहुतेक वेळा उष्णतेने छापला जाणारा गुळगुळीत कागद असतो. काही काळाने त्यावरच्या रेघा फिक्या होतात. ईसीजी काढला त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटोही घ्या. पुढे कधी छातीत दुखलं, तर डॉक्टर नवा ईसीजी जुन्याशी ताडून बघतात. जुना कागद कोरा झालेला असेल, तर ताडणार कशाशी?

एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय यांचं आणखी वेगळं आहे. रिपोर्ट म्हणजे तज्ज्ञाने लिहिलेले शब्द. फिल्म किंवा सीडी म्हणजे प्रत्यक्ष चित्र. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर त्यांना चित्र बघायचं असतं. फिल्म खिडकीला धरून काढलेला फोटो त्यासाठी पुरत नाही. केंद्रातून निघण्यापूर्वी फिल्म किंवा सीडी मागून घ्या.

रुग्णालयात दाखल होऊन आलात आणि कागद हातात मिळाले नाहीत, तर गप्प बसू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी ३ वर्षं जपायची असतात. रुग्णाने मागितली, तर ७२ तासांच्या आत द्यायची असतात. भांडू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, तारीख घाला, पोच घ्या.

कॉम्प्युटर मोठा असला म्हणजे कधी बंद पडत नाही, असं समजू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. देशातलं सगळ्यांत नावाजलेलं रुग्णालय ते. तिथे कित्येक दिवस नोंदणी आणि रिपोर्टची कामं हाताने लिहून करावी लागली. अशा दिवशी ज्या रुग्णाच्या पिशवीत जुने कागद असतात, त्याची तपासणी पुढे सरकते.

फाईलपेक्षाही महत्त्वाची एक चिठ्ठी आहे. चालू असलेल्या गोळ्यांची यादी. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, कधीपासून चालू. खाली लिहा: कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. आयुर्वेदिक काढा किंवा चूर्ण चालू असेल, तर तेही लिहा. ही यादी पाकिटात ठेवा, तिचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. दर वेळी नव्या डॉक्टरांना आधी ती दाखवा. ‘एक पांढरी गोळी सकाळी घेतो’ एवढ्यावरून कोणत्याही डॉक्टरांना काही कळत नाही. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा पोटात जातं, ते यादी नसल्यामुळेच.

आता नावाचं सांगतो. ही गोष्ट बायकांना फार त्रास देते. आधार कार्डावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, बँकेत आणखी तिसरं. माणसाला कळतं की ही एकच बाई आहे. कॉम्प्युटरला त्या तीन बायका वाटतात. मग कार्ड निघत नाही, नाहीतर जुना रिपोर्ट सापडत नाही. क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून मिळणारे पैसे थेट बँक खात्यात येतात. खात्याच्या तपशिलात गफलत असेल, तर तेही अडतात. आजारपण येण्याआधी, बरे दिवस असताना, घरातल्या सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा सगळ्या कागदांवर एकसारख्या करून घ्या. दवाखान्यातही केस पेपरवर तेच पूर्ण नाव सांगा.

नोंदणीच्या खिडकीवर मोबाईल नंबर विचारतात. तिथे पुष्कळ घरांत पुण्या-मुंबईच्या मुलाचा नंबर दिला जातो. मग रिपोर्ट मुलाला जातो. आई गावात वाट बघत बसते. मुलगा मीटिंगमध्ये असतो. रिपोर्टमध्ये तातडीचं काही असेल, तर ते अर्धा दिवस कुणी वाचतच नाही. दोन नंबर द्या. एक रुग्णाचा किंवा त्याच्याजवळ राहणाऱ्याचा, दुसरा मुलाचा.

आभा कार्डाबद्दल खूप गोंधळ आहे. तो आज संपवू.

आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य क्रमांक. सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्यातली ही सोय आहे. तुमचे रिपोर्ट आणि चिठ्ठ्या या क्रमांकाला जोडता येतात. तुम्ही मोबाईलवर होकार दिलात, तरच दुसरे डॉक्टर ते बघू शकतात. काही रुग्णालयांत खिडकीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की टोकन मिळतं, केस पेपरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे सुख मोठं आहे. आभा काढायला पैसे पडत नाहीत. ते सक्तीचंही नाही.

पण आभा कार्डावर फुकट उपचार मिळत नाहीत. ते मिळतात आयुष्मान कार्डावर. ते कार्ड वेगळं. त्यावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, २०२४ च्या ऑक्टोबरपासून हा लाभ खुला झाला आहे. चौकशीसाठी १४५५५ या नंबरवर फोन करा. आपल्या महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होण्याआधी त्यांना भेटा, आधीच विचारा. बिल झाल्यावर कार्ड काढून दाखवलं, तर हाती काही लागणं कठीण होतं.

घरात आजी-आजोबा ७० च्या पुढचे असतील, तर हे कार्ड काढण्याचं काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आणि इथेच चोर टपलेले आहेत.

‘तुमचं आयुष्मान कार्ड बंद पडणार आहे, ओटीपी सांगा.’ असा फोन आला, तर तो ठेवून द्या. खरं कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही. ज्या माणसासमोर तुम्ही स्वतः बसला आहात आणि जे काम तुम्ही स्वतः सांगितलं आहे, त्यासाठीच ओटीपी वापरायचा.

दुसरी फसवणूक जास्त वाईट, कारण ती गरजेच्या वेळी होते. आईला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. मुलगा इंटरनेटवर रुग्णालयाचा नंबर शोधतो. वर जो नंबर दिसतो तो चोराने टाकलेला असतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो. ‘अपॉइंटमेंटसाठी फक्त ५ रुपये भरा, मी फाईल पाठवतो ती मोबाईलमध्ये घ्या.’ ती फाईल उघडली की मोबाईल त्याच्या ताब्यात जातो आणि खातं रिकामं होतं. म्हणून नंबर रुग्णालयाच्या जुन्या बिलावरून, चिठ्ठीवरून किंवा तिथल्या फलकावरून घ्या. अनोळखी माणसाने पाठवलेलं कुठलंही ॲप मोबाईलमध्ये घालू नका.

पैसे गेलेच, तर लाज धरून घरात लपवू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं, तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची फसवणूक झाली असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. ओरडलात, तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत.

फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेणं, ही मात्र खरोखर चांगली सोय झाली आहे. कोरोनाच्या काळात, २५ मार्च २०२० ला, केंद्र सरकारने याचे नियम जाहीर केले. सरकारची ई-संजीवनी सेवा तर मोफत आहे. तुम्ही स्वतः मोबाईलवरून ती वापरू शकता. नाहीतर गावच्या उपकेंद्रात जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी तुम्हाला समोर बसवून लांबच्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं वाचतं.

ही सोय कुठे वापरायची, ते नीट समजून घ्या. जुन्या आजाराच्या गोळ्या पुढे चालू ठेवायच्या का, रिपोर्ट कसा आहे, ताप उतरला पण अशक्तपणा आहे, त्वचेवर चट्टा उठला आहे. अशा गोष्टी फोनवर विचारता येतात. पोटात जोरात दुखत असेल, छातीत धडधडत असेल, लहान बाळ दूध पीत नसेल, गरोदर बाईला रक्त जात असेल, तर फोनवर वेळ घालवू नका. पोट हाताने दाबून बघावं लागतं. छाती कानाने ऐकावी लागते. ते कोणत्याही पडद्यातून होत नाही.

फोनवरच्या डॉक्टरांना नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. तो तुमचा हक्क आहे. चिठ्ठीवर तो क्रमांक असायलाच हवा. बोलण्याआधी गोळ्यांची यादी, शेवटचा रिपोर्ट आणि वजन जवळ ठेवा. काय होतंय, किती दिवसांपासून, हे पहिल्याच वाक्यात सांगा. ‘यासाठी प्रत्यक्ष दाखवावं लागेल,’ असं डॉक्टर म्हणाले, तर राग मानू नका. तो डॉक्टर प्रामाणिक आहे.

मनाच्या दुखण्यासाठीही फोनची मोठी मदत होते. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो, मुलगा खोलीबाहेर येत नाही, अशा वेळी दवाखान्याची पायरी चढायला माणूस कचरतो. फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही आणि शेजाऱ्यांनाही कळत नाही.

घरातल्या यंत्रांबद्दल दोन शब्द. बीपीचं यंत्र दंडावर बांधायचं घ्या. आधी ५ मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. चहा किंवा तंबाखू घेऊन अर्धा तास झालेला असावा. मोजताना बोलू नका. आकडा वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. एकदा यंत्रही सोबत न्या, त्यांच्या यंत्राशी ताडून घ्या. एका दिवशी आकडा जास्त आला म्हणून स्वतःच गोळी वाढवू नका. बरा आला म्हणून बंदही करू नका.

साखर मोजण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटातून रक्त काढलं, तर साखर उगाच जास्त दिसते आणि घरभर घबराट होते. सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना यापासून सावध केलं होतं. अशा कुठल्याही घड्याळाला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं, तर माणूस बेशुद्ध पडतो.

ऑक्सिजन मोजताना नेलपॉलिश पुसा, बोट गार असेल तर चोळून गरम करा. त्वचा सावळी असेल, तर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. म्हणून आकडा ठीक असला तरी माणसाला धाप लागत असेल, तर माणसाकडे बघा आणि दवाखान्यात न्या.

औषधं घरपोच मागवता, तर पाकीट उघडल्यावर चिठ्ठीशी नाव आणि मिलिग्रॅम जुळवा. मुदत बघा, बिल ठेवा. ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की औषधाचं नाव, बॅच, मुदत दिसते. इन्सुलिन मात्र कुरिअरने मागवण्यापेक्षा जवळच्या मेडिकलमधून आणा. ते गारव्यात राहायला हवं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते गाडीत किती तास पडलं होतं, हे तुम्हाला कळणार नाही. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. मागच्या वेळी लागू पडलं म्हणून पुन्हा मागवायचं, हे अँटिबायोटिकच्या बाबतीत कधीच करू नका.

आता मोबाईलला आजार विचारण्याबद्दल. रात्री डोकं दुखतं. तुम्ही शोधता. तिसऱ्या ओळीला ब्रेन ट्यूमर येतो आणि झोप जाते. एआय तर शुद्ध मराठीत, समजुतीच्या सुरात उत्तर देतं. ते कधी बरोबर असतं, कधी साफ चुकीचं. सूर मात्र दोन्ही वेळा सारखाच ठाम असतो. तुमची किडनी कशी आहे, तुम्ही तंबाखू खाता का, तुमच्या डोळ्यांत पिवळेपणा आहे का, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. आणि कोणती गोष्ट सांगायला हवी, हे तुम्हाला कळत नाही.

त्याचा चांगला उपयोग असा करा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यानंतर त्याचा अर्थ समजून घ्या. पुढच्या भेटीत विचारायचे तीन प्रश्न लिहून काढा. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. लिहिलेले प्रश्न असले की तो वेळ कारणी लागतो. व्हॉट्सॲपवर आलेला घरगुती उपाय वाचून कुणी चालू गोळ्या बंद केल्या, तर त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्या. फिट्सच्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि हृदयाच्या गोळ्या अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं.

रिपोर्ट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. काळजीपोटी टाकता, हे मला माहीत आहे. पण लेकीचा गर्भपात, जावयाची क्षयाची तपासणी, भावाच्या मानसिक आजाराच्या गोळ्या, ही माहिती एकदा सुटली की परत येत नाही. लग्नं मोडतात, नोकरीत अडचण येते. एचआयव्हीबाबतची माहिती संमतीशिवाय उघड करायला तर २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. ज्याचा आजार त्याला विचारा, मगच दुसऱ्याला सांगा. झेरॉक्सच्या दुकानात रिपोर्ट छापलात, तर दुकानदाराच्या कॉम्प्युटरवरून तो समोर उभं राहून पुसायला लावा.

काही वेळा मोबाईल फक्त फोन करण्यासाठी असतो. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, साप चावणं, धाप. अशा वेळी शोधायचं नाही, व्हिडिओ बघायचा नाही, ग्रुपवर विचारायचं नाही. १०८ लावा. रुग्णवाहिका मोफत आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यामुळे लक्षणं किती वाजता सुरू झाली, हे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. सापाला पकडू नका, फोटो काढायला त्याच्यामागे जाऊ नका. १०८ हा नंबर मोठ्या अक्षरात दाराच्या आत चिकटवा. लहान मुलालाही तो लावता यायला हवा.

शेवटी ज्यांच्याकडे हे काहीच नाही, त्यांचं. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोरोनाच्या लसीसाठी आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागत होतं. चांगला मोबाईल आणि वेगवान नेट असलेल्या शहरातल्या लोकांनी खेड्यातल्या केंद्रांवरचे नंबर घेतले. गाडी काढून तिथे गेले. ज्यांच्या गावात ते केंद्र होतं, ते दारात उभे राहिले. जेव्हा जेव्हा एखादी सोय फक्त मोबाईलवर जाते, तेव्हा हे थोड्याफार प्रमाणात पुन्हा घडतं.

तुमच्या घरात मोबाईल सफाईने चालवणारा मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांना या रविवारी शेजारच्या आजींकडे पाठवा. त्यांच्या गोळ्यांची यादी लिहून द्या. आयुष्मान कार्ड निघतं का बघा, पुढच्या तपासणीचा नंबर लावून द्या. ओटीपी येईल तो आजींना स्वतः वाचू द्या. आणि काम झालं की तुमच्या मोबाईलमध्ये राहिलेले त्यांचे कागद पुसून टाका.